रिकाम्या फळीचं वजन

१

खटपट्याच्या घरात शिरायचं म्हणजे अंग चोरूनच शिरावं लागे. दारातच शिवणयंत्राचा लोखंडी पाय, त्याला खेटून हवा भरायचा पंप, खिडकीखाली पाती नसलेला पंखा, आणि उरलेल्या जागेत माणसं. खटपट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीनं ते एकदा चिकटवलं, मग भांडताना बायकोनंही तेच वापरायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं हात टेकले. पोटासाठी तो मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करी. जीव मात्र सगळा भंगारात.

आता यात काय एवढं, असं कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. वर्षानुवर्षं गंजून घट्ट बसलेला एखादा स्क्रू रॉकेल पिऊन पिऊन शेवटी कुरकुरत का होईना फिरतो, त्या क्षणी हाताला जे कळतं, त्याचा त्याला नाद होता. लोकांनी टाकून दिलेलं, मेलं म्हणून सोडून दिलेलं काहीतरी आपल्या हाताखाली हललं, की त्या दिवशी त्याला जेवण दोन घास जास्त जाई. बायको म्हणायची, बाकीचे पुरुष निदान धडधाकट सवत आणतात, माझ्या नशिबी आल्या त्या गंजलेल्या. असं म्हणायची आणि वर त्या सवतींवरची धूळही झटकायची.

त्या वर्षी मात्र घरातली थट्टामस्करी आटली होती. त्यांची एकुलती एक मुलगी मोठ्या तापातून उठली होती. सहा वर्षांची पोर, मुळातच एवढीशी, म्हणून बापानं तिला लाडानं मुंगी म्हणायला सुरुवात केलेली, आणि तापानं ते नाव अगदी खरं करून टाकलं. मनगटं अशी, की बांगडी कोपरापर्यंत जायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की औषध आता पुरे, वजन वाढलं पाहिजे, बाकी काही नाही. पण दवाखान्यातल्या काचेच्या काट्यावर मुंगी पाय ठेवायला तयार नसे. तिथे सुया टोचल्या होत्या ना. ती असा हंबरडा फोडायची की बाहेर बसलेले पेशंट उठून आत डोकावायचे.

अशात भंगारवाला हातगाडीवर ते यंत्र घेऊन आला. उभ्या माणसाचं वजन करायचा जुना काटा. बिडाचा खांब, वर ताटाएवढी गोल तबकडी, पितळेची कड, खाली पाय ठेवायला लोखंडी चौकटीत बसवलेली लाकडी फळी. कुठून आलं ते भंगारवाल्यालाही धड ठाऊक नव्हतं. उतरवताना तो एवढंच म्हणाला, की दिसतं त्यापेक्षा जड आहे बुवा.

खटपट्याचे हात शिवशिवले. मुंगी खाटेवरून उठून दारापर्यंत आली होती, भिंतीला धरून, आणि त्या तबकडीकडे टक लावून बघत होती.

"बाबा, यावर मी उभी राहीन," ती म्हणाली.

२

मग काय विचारता. बाकीची सगळी कामं बाजूला पडली. त्यानं यंत्र सुटं सुटं केलं, एकेक तरफ रॉकेलमध्ये बुडवली, तरफा ज्यांवर टेकतात त्या धारा साफ केल्या, पितळ घासून घासून असं काढलं की त्यात तोंड दिसावं. मुंगी स्टुलावर बसून स्क्रू डबीत टाकायची. तेवढ्या कामानंही ती दमायची, पण हटायची नाही.

जोडताना त्यानं आधी तबकडी लावली. काटा शून्यावर. मग तरफा, मग फळी. काटा शून्यावर. तो हात धुवायला आत गेला, तोंडावर पाणी मारलं, बायकोला सांगितलं की झालं बरं का, आणि बाहेर येऊन बघतो तर काटा अकरावर.

फळीवर काही नव्हतं. त्यानं वाकून खाली बघितलं, एखादं पाचर अडकलंय का म्हणून. काही नाही. काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत अकरावर येऊन थांबला.

आता खटपट्या काही भुताखेतांना मानणारा गडी नव्हता. जुन्या स्प्रिंगची कमान म्हटली की ती बसणारच, त्याला वाटलं. म्हातारा माणूस कसा खुर्चीत हळूहळू खचतो, तशी. पण त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांचा एक दंडक होता. शून्याचा स्क्रू केसभर फरकासाठी असतो, ते सांगायचे. त्याहून जास्त फिरवावा लागला तर समज, यंत्र काहीतरी म्हणतंय. ते ऐक, उघडून बघ, स्क्रू फिरवून त्याचं तोंड बंद करू नकोस.

त्यानं उघडायला हवं होतं. तसा त्याचा विचारही होता. पण मुंगी सदऱ्याचं टोक ओढत उभी होती, कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होतं, आणि बायको आतून येऊन कौतुकानं बघत होती. त्यानं तबकडीमागचा छोटा स्क्रू फिरवायला घेतला. फिरव, फिरव, फिरव. एवढ्या जुन्या यंत्राचा स्क्रू, पण लोण्यात फिरावा तसा फिरला. काटा सरकत सरकत शून्यावर आला.

खातरजमा म्हणून त्यानं वाण्याकडची वजनं आणून फळीवर ठेवली. वीसला वीस. दहाला दहा. काडीचाही फरक नाही. तेव्हा मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. बसलेली कमान अशी नसते. ती प्रत्येक वजनाला थोडं थोडं खोटं बोलते. ही तर एकदम खरं बोलत होती. जणू तिच्यात काहीच बिघाड नव्हता.

पण ठीक वजन दाखवणाऱ्या काट्याबद्दल कुणी तक्रार करतं का? त्यानं वजनं परत केली.

३

पहिल्या दिवशी मुंगी चौदा भरली. आईनं देवाला हात जोडले, कारण दवाखान्यात शेवटचं वजन झालं होतं तेव्हा तेरा होती.

त्यानंतर रोजचा परिपाठच झाला. सकाळी दूध झालं की मुंगी फळीवर चढायची, मान मागे टाकून तबकडीकडे बघायची आणि काटा जागेवर आला की हसायची. सुया टोचणारं कुणी नाही, बाबा शेजारी, मग भीती कसली. खटपट्याला त्या काळात एवढं समाधान वाटायचं की रस्त्यात उभं राहून कुणालाही धरून सांगावं.

एकच गोष्ट होती. मुंगी फळीच्या मध्ये उभी राहायची नाही. एका कडेला, पाऊल अर्धं बाहेर जाईल अशी उभी राहायची.

"मध्ये उभी राहा, बाळा. पडशील," तो म्हणायचा.

ती जराशी आत सरकायची आणि त्यानं पाठ फिरवली की परत कडेला. बाकावर कुणी बसलेलं असलं की आपण कसे त्याला जागा ठेवून टेकतो, तशी. लहान मुलांच्या शंभर तऱ्हा असतात. त्यानं सोडून दिलं.

एकदा उतरल्यावर ती म्हणाली की पाय दुखतायत, उचलून घ्या. त्यानं उचलली. खाल्लेलं पोरीच्या अंगी लागतंय वाटतं, असं म्हणून तो खुशीत हसला, आणि तिला आत नेऊन आईच्या मांडीवर ठेवलं.

४

दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. खटपट्या यंत्र पुसायला बसला, आणि फडकं हातातच राहिलं. काटा शून्याच्या खाली गेला होता.

तबकडीवर शून्याच्या अलीकडे आकडे नसतात. कोरा पांढरा पत्रा असतो. काटा त्या कोऱ्या पत्र्यावर जाऊन थांबला होता. फळी रिकामी. तो वाण्याकडे धावला, वीसचं वजन आणून ठेवलं. काटा नऊवर.

वीसातून नऊ गेले, अकरा. हिशोब करायला त्याला वेळ लागला नाही, पण तो बराच वेळ करत बसला. कमान सुधारली असेल. तेल मुरलं असेल, उन्हानं ताण आला असेल, आपण आधी जास्त फिरवलेला स्क्रू आता जास्तीचा झाला असेल. असं सगळं तो स्वतःला सांगत होता, आणि त्यातलं एकही त्याला पटत नव्हतं. एखादी वस्तू ठेवलेली असताना काटा शून्यावर आणला, आणि नंतर ती वस्तू उचलली, तर काटा शून्याखाली जातो. हे कुणीही शिकाऊ पोरगा सांगेल.

तेवढ्यात बायको आली, धापा टाकत. मुंगी कडेवर. तिनं मुलीला खाटेवर ठेवलं आणि स्वतः जमिनीवरच बसली.

"दवाखान्यातला काटा बिघडलाय," ती हसत म्हणाली. "आज न रडता चढली ही, तर पंचवीस दाखवत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीन बदलायला झालंय. पण अहो, खरंच जड झालीय हो ही. दवाखान्याचा जिना चढताना माझे हात भरून आले."

खटपट्यानं मुंगीकडे बघितलं. ती खाटेच्या कडेला बसली होती. मनगटं तशीच, काडीसारखी. आणि तिच्या शेजारी, जिथे कुणी नव्हतं, तिथे गादीला खळगा पडला होता.

५

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. बायकोला सांगायचा त्यानं एकदा प्रयत्न केला. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली की दिवसरात्र लोखंडात राहून डोकं फिरलंय तुमचं, जरा झोप काढा. पोर खाते-पिते, वजन वाढतंय, देवानं चांगले दिवस दाखवले तर ते बघवत नाहीत का?

पोर खात होती हे खरं. पण चालताना ती वाकायची, पाठीवर पोतं असल्यासारखी. तिच्या पावलांनी माळ्याच्या फळ्या करकरायच्या, जिथे पूर्वी ती पळाली तरी आवाज यायचा नाही. अंगणातल्या झोपाळ्याची दोरी एका बाजूला जास्त ताणली जायची. बाबा, दमले, असं ती दिवसातून कितीदा म्हणायची. तो उचलून घ्यायचा, आणि आयुष्यभर वजनं पेललेले त्याचे हात त्याला स्पष्ट सांगत होते की हे एका पोराचं वजन नाही. एकदा त्यानं तिला खाली ठेवलं, तर ती पुटपुटली, "हळू. पडेल ना."

"कोण पडेल?"

मुंगीनं त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या शेजारी खाली बघितलं.

तो यंत्रासमोर बसून राहायचा. काटा शून्याखाली. बसून बसून त्याला आपली चूक कळली. शून्य करणं म्हणजे काय? इथे कुणी नाही, असं यंत्राला सांगणं. फळीवर कुणीतरी उभं होतं. किती काळ, कुणाची वाट बघत, देव जाणे. काटा बिचारा अकरावर थांबून सांगत होता की आहे, इथे कुणीतरी आहे. आणि यानं स्क्रू फिरवून सांगितलं, नाही. ज्याची जागाच पुसून टाकली, ते तिथे कशाला थांबेल? ते उतरलं, आणि जवळ जी होती तिला धरलं.

६

एका दुपारी बायको शिंप्याकडे गेली. त्यानं दार लोटून घेतलं आणि शून्याचा स्क्रू उलटा फिरवला. या वेळी तो जाम होता. पकडीनं धरून, दात आवळून, जरा जरा करत फिरवला, तेव्हा कुठे काटा कोऱ्या पत्र्यावरून वर येत शून्यावर आला. खरं शून्य. रिकाम्या फळीचं.

मग त्यानं मुंगीला हाक मारली.

ती खाटेवरून आली, एकेक पाऊल टाकत. फळीवर चढली. सवयीनं कडेला उभी राहिली. काटा वर सरकला आणि पंचवीसवर थांबला.

खटपट्या गुडघ्यांवर बसला. मुंगीच्या शेजारच्या मोकळ्या फळीकडे बघून तो बोलू लागला, आणि स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना.

"ही तुझी जागा आहे. मी चुकलो. परत केली बघ. इथे थांब तू. कुणी पुसणार नाही. हिला तेवढं जाऊ दे."

मुंगी आपल्या बाजूला बघत होती, कुणीतरी कानात सांगावं तशी मान कलती करून. मग तिनं बापाकडे बघितलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"उतर, बाळा," तो म्हणाला. "सावकाश उतर."

क्षणभर कुणीच हललं नाही. मग ती उतरली. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तबकडीवर खिळली होती. काटा पंचवीसवरून सुटला. वीस. अठरा. खाली येत होता, हळूहळू, आणि खटपट्या ओठ न हलवता म्हणत होता, अकरा, अकरा, अकरावर थांब.

काटा चौदावर थांबला.

त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत चौदावर आला.

त्याच्या पाठीमागे कुणीतरी धावत गेलं, माळ्याच्या जिन्यावरून वर. फळ्या करकरल्या नाहीत. कितीतरी दिवसांनी त्या पावलांचा आवाज अगदी हलका होता.

बायको परत आली तेव्हा तो मुलीला उचलून फळीवर ठेवत होता आणि खाली घेत होता. ठेवली की पंचवीस, घेतली की चौदा. परत ठेवायचा, परत घ्यायचा. असं किती वेळा केलं कोण जाणे. मुलगी रडत नव्हती, हात-पाय झाडत नव्हती, नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. बायकोनं ओरडून तिला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"अगंबाई, किती हलकी झालीस गं," ती तिला छातीशी धरत म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "काय केलंत हो हिला?"

आईच्या खांद्यावरून ती मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. चेहरा मुंगीचाच. केस, कानामागचा तीळ, सगळं मुंगीचं. फक्त तिला हा माणूस कोण, ते ओळखायला जरा वेळ लागत होता.

७

दवाखान्यात ती अकरा भरली. नवीन काटा, त्यामुळे शंकेला जागा नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, मुंगीच्या आईनं अन्नपाणी सोडलं. पण आता मुलगी दुपटीनं खाऊ लागली. समोर ठेवलेलं सगळं खाते, मागून घेते. आई तिच्याजवळून हलत नाही. वजन भराभर वाढतंय. बारा झालं, त्याच्या वर गेलं. घरात परत हसणं ऐकू येतं. हल्ली ती मुलगी कशाच्याही अगदी मधोमध बसते, गादीच्या, पायरीच्या, आईवडिलांच्या. आणि बाहेरच्या खोलीत मात्र ती पाऊल टाकत नाही.

बाहेरच्या खोलीत खटपट्या असतो. मिक्सर आणि इस्त्र्या येऊन पडल्यात, पण त्यांच्याकडे त्याचं लक्ष नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला, यंत्र परत न्यायचंय का. बायकोनंच त्याला बोलावलं होतं. खटपट्या फळीसमोर आडवा बसला, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून भंगारवाला आल्या पावली परत फिरला.

उघडून बघायची हिंमत त्याला होत नाही. एक तरफ निघाली आणि काटा पडला, तर फळीवरची मुंगी कुठे जाईल? तेल घालत नाही, धूळसुद्धा फुंकून उडवतो. शून्याच्या स्क्रूवर त्यानं कापड गुंडाळून ठेवलंय. सकाळी दुधाचा पेला तो फळीवर ठेवतो. काटा पेल्याएवढा वर जातो. संध्याकाळी तो पेला उचलतो, दूध तसंच असतं, आणि काटा पेल्याएवढा खाली येतो. कधी कधी त्याहून किंचित जास्त.

चौदाची तेरा झाली. काल तेराच्याही खाली गेली. आणि आतून बायकोनं आनंदानं हाक मारून सांगितलं की अहो, आज दवाखान्यात पोर तेरा भरली.

त्यानं बरं म्हटलं.

मग तो फळीशी सरकून बसला, तळहात कडेवर ठेवला, जिथे तिचं अर्धं पाऊल बाहेर असायचं तिथे. आता फळीवर दुसरं कुणी नाही. जागाच जागा आहे.

"मध्ये उभी राहा, बाळा," तो म्हणाला. "पडशील."

काटा हलला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेताना हलतो तेवढाच हलला, आणि परत आपल्या जागी येऊन थांबला.